रुमालाखालचा हात

“दोनच धरली होती,” रहेमतुल्ला म्हणाला, आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याला प्रश्न पडला, की हे आपल्याला कोणी सांगितलं. रुमाल अजून त्याच्या खांद्यावर नीट बसलाही नव्हता. समोर बैलजोडी घेणारा मेहकरवाला, बाजूला बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला जोडीचा मालक कारभारी, आणि भोवती बाजारातली दहा-बारा रिकामटेकडी माणसं, जी कोणाच्याही सौद्यात आपलाच बैल जात असल्यासारखी उभी राहतात. सौदा पटला होता, टाळी वाजली होती. पैसे निघताना कारभारी म्हणाला होता, “चौऱ्याहत्तर ना?” आणि मेहकरवाला म्हणाला होता, “बाहत्तर. वरची दोन बोटं धरली व्हती म्या. इचारा चाचाले.” मग सगळे चाचाकडे, म्हणजे रहेमतुल्लाकडे पाहायला लागले. चिखलीच्या बैलबाजारात रुमालाखाली काय झालं ते दोनच माणसांना माहीत असतं, ज्यांचे हात आत असतात त्यांना. आणि दोघांचं जुळलं नाही तर दलालाचं खरं. त्यातून रहेमतुल्ला म्हणाला म्हणजे तर विषय संपला. त्याचा बापही दलाल होता आणि त्याच्याही हाताला कोणी कधी खोटं म्हटलं नव्हतं. “दोनच,” तो पुन्हा म्हणाला. कारभारीनं बैलाच्या पाठीवरचा हात काढला आणि “बरं” एवढंच म्हणून तो कासरा सोडवायला वळला.

पद्धत साधी आहे. हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि तोंडानं सोयाबीनचं, पावसापाण्याचं बोलत राहायचं. आत बोटं बोलतात. आधी दहा हजारांचं ठरतं. सगळा पंजा धरला म्हणजे पाच, सोडून पुन्हा दोन बोटं धरली म्हणजे सात, झाले सत्तर. मग वरचे हजार. सत्तरपर्यंत अडचण नव्हती, कारण कारभारीची जोडी सत्तरच्या आत जाणार नाही हे बाजारातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. वरच्या हजारांना रहेमतुल्लानं मेहकरवाल्याच्या खांद्याकडे पाहिलं. गेलं वर्षभर तो असंच करत होता. तीन-चार बोटं धरायची तर माणूस खांदा जरा पुढे देतो, एक-दोन धरायची तर नुसतं मनगट हलतं. खांदा हलला होता. की माशी बसली म्हणून हलला होता? बैलबाजारात माशांना काय तोटा! त्यानं चार समजून टाळी दिली. मग विचारल्यावर दोन का म्हणाला? चार म्हटलं असतं तर मेहकरवाला म्हणाला असता, द्या हात, सगळ्यांसमोर धरतो, सांगा किती. आणि ‘मला कळलं नाही’ हे तर त्याच्या मनातसुद्धा पुरतं तयार झालं नव्हतं. दोन म्हणणं त्या घटकेला सगळ्यात सोपं होतं, म्हणून तो ते म्हणाला. मेहकरवाला लबाड असेल, तर आपण कारभारीसारख्या दोस्ताचे दोन हजार चोराच्या पदरात टाकले. तो खरा असेल, तर आपण खरंच बोललो, पण आपल्याला माहीत नसताना बोललो, म्हणजे खोटंच बोललो. असं कसं होईल? आठ दिवस तो हे उलटंपालटं करत होता आणि दर वेळी दुसरीकडेच पोचत होता.

शुगरला चौदा वर्षं झाली. पहिली काही वर्षं शुगर म्हणजे त्याला एक पाहुणी वाटायची. घरात आहे, तिचं वेगळं बनवायचं, एवढंच. मग तिनं पाय पसरले. आधी तळव्यांची आग झाली, मग मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि त्याला वाटलं बरं झालं. एकदा बाजारातून घरी आला तर नूरजहां दारातच म्हणाली, “अजी, एक चप्पल कहाँ गई?” त्यानं खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता, चिखलानं भरलेला, आणि कुठून उघडा आहे ते पायालाच ठाऊक. बायको हसली, तोही हसला. नंतर ती आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावून तळव्याला दोरा टेकवतो, लागलं की हो म्हणा, असं सांगितलं. रहेमतुल्ला त्याच्या शर्टाच्या बाहीची सळसळ ऐकून हो म्हणत गेला. तीनदा झाल्यावर डॉक्टर म्हणाला, “काका, मी अजून लावलाच नाही.” माणूस परीक्षेत कॉपी करतो ती पास व्हायला. आपण कशासाठी केली, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. मग ते पायांतून हातात आलं. नमाजनंतर बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत तो अल्लाहचं नाव तेहतीसदा मोजायचा; आता अंगठा कुठल्या पेरावर आहे ते पाहावं लागतं आणि पाहायला लागलं की मोजणं चुकतं. तेहतीस झाले की एकोणतीस, अल्लाहच जाणे. तो जाणतोच म्हणा. पण आपल्यालाही माहीत असावं, एवढं तरी माणसानं मागावं की नाही?

लोकांना हातांचं माहीत नव्हतं, शुगरचं होतं. शुगर लपत नाही, कारण चहा लपत नाही. बाजारातल्या टपरीवर तो दिसला की पोरगं न विचारता ओरडायचं, “एक फिक्का!” आणि हळूहळू तो फिक्केवाला चाचा झाला. शादीच्या जेवणात मिठा वाढणारा त्याच्यापाशी आला की बाजूचाच कोणी तरी हात आडवा करायचा, “उनको नको, शुगर है,” आणि वाढणारा असा काही मान हलवायचा की जणू मय्यतीला आला आहे. ईदला त्याच्याच घरी त्याच्यासमोर शीरखुर्म्याची एवढीशी वाटी येई, आणि ती तो खातो किती याच्यावर सगळ्यांचे डोळे. प्रेमानं असतं हे सगळं. राग येतो तो त्याचाच. राग येऊन पुन्हा लाज वाटते, कारण प्रेम करणाऱ्यावर कसलं चिडायचं. पण एक जागा होती जिथं हे काहीच पोचत नव्हतं. रुमाल टाकला की खालचा हात फिक्क्या चाचाचा नसायचा, तो रहेमतुल्लाचा असायचा. जो झाकला आहे तोच हात खरा, बाकी सगळा माणूस आजारी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते त्याच्यापुरतं अक्षरशः खरं होतं. आता मुठीत काही उरलं नव्हतं आणि तो ती झाकूनच बसला होता.

कारभारीचा हात त्यानं पहिल्यांदा धरला तेव्हा दोघांनाही नीट मिसरूड नव्हतं. कारभारीचा बाप अमडापूरकडून गोऱ्हे घेऊन आला होता, रहेमतुल्लाचा बाप सौदा करत होता. दोन्ही म्हातारे चहाला बसले आणि गमतीनं म्हणाले, पोट्ट्याहो, तुमी करा पुढचा. रुमालाखाली रहेमतुल्लाच्या हातात एक ओला, घाबरलेला हात आला आणि त्याचं मधलं बोट अर्धंच होतं. कडबा कापताना विळ्यानं गेलेलं. त्या अर्ध्या बोटाची गोल, गुळगुळीत टोकाची जागा त्याच्या तळव्यात अशी बसली, की पुढे तीस-पस्तीस वर्षं अंधारात शंभर हात दिले असते तरी त्यानं कारभारीचा ओळखला असता. “तुह्या हातानं सौदा केला तं अर्धा हजार कमीच येते बे,” असं तो चिडवायचा, आणि कारभारी म्हणायचा, “अर्धं तुह्या खिशात गेलं.” हा विनोद दोघांनी इतक्यांदा केला होता की तो आता विनोद राहिला नव्हता, रामराम-सलामसारखा झाला होता. यंदा कारभारीच्या गोपालनं ट्रॅक्टर आणला. जोडी विकायची ठरली. कारभारी म्हणाला, “चौऱ्याहत्तरच्या खाली नको देऊ. पैशासाठी नाही. लय कमी गेले तं त्याइले काय वाटन.” त्याइले म्हणजे बैलांना. रहेमतुल्लाला हे आता आठवायला नको वाटायचं. कारण ते हसण्यासारखं होतं आणि तो हसला होता.

आठव्या दिवशी बाजारात जाकीरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. जाकीर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, दलालीत नवा, पण बोलण्यात जुना. “चाचा, अब लगे तुम बाजार के,” तो डोळा मारून म्हणाला. “कारभारी का गोपाल सबको बोलते फिर रहा. मेहकरवाले से मिलके चाचाने पैसा मारा बोलता. मैं बोला, मारा तो मारा, हम सब मारते. एक चाचाच बचे थे!” आणि त्यानं फिक्का मागवला, स्वतःच्या पैशानं. त्या दिवशी दोन नवी गिऱ्हाइकं रहेमतुल्लाकडे आपण होऊन आली. याचा अर्थ लागायला त्याला वेळ लागला. चोर दलालाला गिऱ्हाईक मिळतं. लोक म्हणतात, पक्का आहे, आपल्या बाजूनं चोरी करेल. बधिर दलालाला कोण विचारणार? म्हणजे अब्रू गेली तर धंदा राहतो आणि अब्रू वाचवायची तर धंदा जातो. चोर म्हणवून घेणं हे एका परीनं आजार लपवण्याचं औषधच होतं, आणि ते गोपालनं फुकट आणून दिलं होतं. दोन्ही गिऱ्हाइकांना त्यानं तब्येतीचं कारण सांगून परत पाठवलं. परत पाठवताना त्याच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदा आपण तब्येतीचं खरं कारण खोट्यासारखं सांगितलं.

घरी त्याची पोरगी फलक सुई घेऊन तयार होती. ती चिखलीतच फार्मसीला होती आणि रोज बोट टोचून शुगर पाहायची. “अब्बा, लगा?” तिनं विचारलं. थेंब आला होता. तो म्हणाला, “थोडा.” मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. ती लहान असताना अशीच बेरीज शिकली होती, रुमालाखाली अब्बाची बोटं धरून. शाळेत बाई म्हणायच्या, तुमची पोरगी गणित हातानं करते. “पकड,” तो म्हणाला. “कितने?” तिनं विचारलं. त्यानं तिच्या खांद्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं. डोळे मिटले. हाताच्या जागी एक जड, कोमट असं काही तरी होतं, जसा कुणाचा तरी हातमोजा आपल्याला शिवून दिला आहे. “तीन,” तो म्हणाला. “बराबर,” फलक म्हणाली. “फिर पकड,” तो म्हणाला. “दो?” “बराबर.” तिसऱ्यांदा तो “चार” म्हणाला आणि ती “बराबर” म्हणत असतानाच त्यानं रुमाल उचलला. तिनं एकच बोट धरलं होतं. “अब्बा, मैंने बाद में छोड़े,” ती घाईनं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. रहेमतुल्लाला आधी राग आला, मग पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, मग भीती वाटली. डॉक्टरशी तो खोटं बोलला, त्याच्याशी पोरगी खोटं बोलली, कारभारीशी तो खोटं बोलला. आजारी माणसाच्या घरात सगळेच एकमेकांना सांभाळून खोटं बोलतात आणि त्याला तब्येत बरी आहे असं म्हणतात. मग खरं कोणाला माहीत आहे? कुणालाच नसेल तर ते आहे कुठं? नूरजहां दारात उभी होती. ती म्हणाली, “कारभारीभाई के घर जाके आओ. आठ दिन से तुम खाना चबाते नहीं, गिनते.”

तो जीपनं गेला. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालताना पायांकडे पाहत चालला, कारण चपला दोन्ही आहेत याची खात्री त्यालाच ठेवायची होती. काय बोलायचं ते त्यानं जीपमध्ये तीन प्रकारे ठरवलं होतं. एकात तो दोन हजार देऊन मोकळा होत होता. पण पैसे दिले की चोरीच कबूल झाली. दुसऱ्यात मेहकरवाल्याला शिव्या घालत होता. पण तो माणूस खराही असेल. तिसऱ्यात तो नुसताच खरं सांगत होता, आणि ते ठरवताना जीपचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटे आणि विचार तिथंच राही. कारभारी ओसरीवर बसला होता. समोरचा गोठा धुऊन कोरडा झाला होता, दावणीला कोणी नव्हतं. अंगणात गोपाल पाइपनं ट्रॅक्टर धूत होता. त्यानं रहेमतुल्लाकडे पाहिलं आणि पाण्याची धार वाढवली. एरवी हाच पोरगा “चाचा, या” म्हणून खाट टाकायचा. रुखमाबाईंनी न विचारता चहा आणला. “फिक्का केला बरं रहेमतभाऊ,” त्या म्हणाल्या, आणि लगेच आत गेल्या. कारभारीच्या बायकोला जे बोलायचं ते ती उभ्यानं बोलते. आत गेली म्हणजे घरात भांडण होतं.

“पोट्टं बोलत नाही माह्यासंगं,” कारभारी ट्रॅक्टरकडे पाहत म्हणाला. “मले म्हणते, तुमचा चाचा चोर हाय. म्या त्याच्या कानाखाली वाजवली. एवढा बाप्या झाला तरी. म्हटलं, रहेमत खोटं बोलला तं मी मिशी उतरून ठेवीन.” रहेमतुल्लानं चहाचा ग्लास खाली ठेवला. कारभारीच्या मिशीकडे त्याला पाहवेना. ती पिकली होती आणि एका बाजूला तंबाखूनं पिवळी झाली होती. या माणसानं पोटच्या पोराला मारलं ते माझ्या हातासाठी, आणि तो हात तर कधीच गेला. म्हणजे ज्याच्यासाठी मारलं तो माणूस आता आहे का? बसला आहे तो कोण आहे? त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि म्हणाला, “हात दे.”

“आता काय इकतं बे? गोठा रिकामा झाला,” कारभारी म्हणाला, पण त्यानं हात रुमालाखाली घातला. पाण्याचा आवाज चालू होता. रहेमतुल्लानं डोळे मिटले आणि ते अर्धं बोट शोधलं. सगळं सोडून तेवढंच शोधलं. तळव्याच्या मधोमध, जिथं ते नेहमी टेकायचं, तिथं तो मनानं जाऊन उभा राहिला. तिथं कोणी नव्हतं. “किती?” कारभारीनं विचारलं. आकडा सांगता आला असता. पाचातला कुठलाही सांगितला असता तरी कारभारी हो म्हणाला असता, फलकसारखाच. आणि तसंच चालत राहिलं असतं. रहेमतुल्लानं डोळे उघडले.

“मले समजत नाही,” तो म्हणाला. आवाज मोठा निघाला, कारण त्याला पाण्याच्या आवाजाच्या वर बोलायचं होतं. “किती ते नाही समजत कारभारी, अन् तुहा हात आत हाय का नाही तेबी नाही समजत. शुगरनं गेले हात. वर्ष झालं.”

“त्या दिवशी?”

“त्या दिवशीबी. म्या अंदाज मारला.”

“मंग चार व्हती का दोन?”

“अल्लाह कसम, माहीत नाही. कधीच माहीत व्हनार नाही.”

पाणी थांबलं. गोपाल पाइप हातात धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी पाणी साचलं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं; म्हणजे सोमवारच्या बाजाराच्या आत ते सगळीकडे पोचणार होतं, आणि सोमवारपासून रहेमतुल्ला दलाल नव्हता. हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. एवढ्या दिवसांत स्वच्छ दिसलेली ही एकच गोष्ट, आणि तिचं दुःख व्हायला हवं होतं तसं होत नव्हतं, किंवा होत होतं आणि तेही लागत नव्हतं. कारभारीची मान लाल झाली होती. “अन् तू दोनच म्हणाला,” तो हळू म्हणाला, आणि मग एकदम ओरडला, “मले काऊन नाही सांगितलं बे? लोकाइले नको सांगू. मले काऊन नाही? म्या पोराले मारलं! वर्षभर हात धरून राह्यलो तुहा, अन् तू आतमधी नव्हताच?” रुखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तुला सांगितलं असतं तर तूही माझ्याकडे शुगरवाल्याकडे पाहतात तसं पाहिलं असतंस, असं काही तरी रहेमतुल्लाच्या मनात होतं. पण ते मराठीत म्हणावं की घरच्या बोलीत, तेच सुचेना. तो फक्त म्हणाला, “भेव वाटलं.”

रुमाल जिथं होता तिथंच होता. आता कारभारी हात काढून घेईल, रहेमतुल्लाला वाटलं, किंवा त्यानं मघाच काढून घेतला असेल आणि आपल्यालाच कळलं नसेल. रुमाल उचलून पाहणं सोपं होतं. त्यानं उचलला नाही. तो कारभारीच्या मनगटाकडे पाहत राहिला, जिथं ते रुमालाच्या काठातून बाहेर येत होतं. तिथली शीर फुगली होती. दंड थरथरत होता, जसा म्हातारा बैल चढावर थरथरतो. मग रहेमतुल्लाला कोपरापाशी, जिथं अजून जाण होती, एक ओढ लागली. कोणी तरी खालून पूर्ण जोर लावून ओढत होतं. आत किती बोटं होती ते त्याला कळलं नाही. कारभारीनं सांगितलं नाही, आणि सोडलंही नाही.